वाळूचं घड्याळ आणि चेअरमनसाहेबांचा बैल

पतपेढीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं तेव्हा व्याजाचा हिशेब चुकेल, पिग्मी एजंटाने दारोदार हिंडून गोळा केलेली रक्कम भलत्याच खात्यावर पडेल, तेरीज जुळणार नाही आणि वार्षिक सभेत सभासद माझं नाव घेऊन ओरडतील, अशा सगळ्या भीती मी पोटात घेऊनच बसलो होतो. माउसचा कर्सर हरवेल, ही भीती त्यात नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, कर्सर तो केवढा आणि त्याचं कौतुक केवढं! अहो, मीही हेच म्हणत होतो. विंडोज एक्सपीचे दिवस होते ते. कोथरूडमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला भिंत लावून आमचं ऑफिस होतं, त्यामुळे कीबोर्डवर कायम ज्वारीच्या पिठाचा हलका थर असायचा, आणि तो फुंकत फुंकत मी सातारा जिल्ह्यातल्या एका पतपेढीसाठी डॉट नेटच्या विनफॉर्म्समध्ये प्रोग्रॅम लिहीत होतो. प्रोग्रॅम चालत होता. पण तो चालतोय हे बघणाऱ्याला कळत नव्हतं. ३१ मार्चची व्याज आकारणी सुरू केली की तो बिचारा आत एकेक खातं उघडून, गुणाकार भागाकार करून घामाघूम व्हायचा आणि पडद्यावर मात्र तोच निर्विकार बाण. मग क्लार्क मंडळींना वाटायचं बटण नीट दाबलं गेलं नाही, म्हणून ती पुन्हा दाबायची, आणि दुसऱ्यांदा दाबलं की दुसऱ्यांदा व्याज जमा व्हायचं. काही ठेवीदार माझ्यावर फार खूश होते.

मॅनेजरसाहेब खूश नव्हते. "काम चालू आहे असं काहीतरी दिसू द्या हो," ते फोनवर म्हणाले. मी म्हटलं, वाळूचं घड्याळ लावून टाकतो, एका ओळीचं काम आहे.

एका ओळीचंच होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. ओळ लिहिली, बटण दाबलं, बाणाचं घड्याळ झालं. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलाला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "सर, घड्याळ छान आहे, पण खिडकी पांढरी का पडली?" बघतो तर खरंच, मागची सगळी खिडकी पांढरीफटक आणि वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. प्रोग्रॅम हिशेबात इतका बुडाला होता की त्याला स्वतःचं तोंड रंगवायलाही सवड नव्हती. त्यावर उपाय माझ्या खिशात तयार होता. प्रत्येक शंभर खात्यांनंतर 'डू इव्हेंट्स' अशी हाक मारायची, म्हणजे प्रोग्रॅम क्षणभर थांबतो, विंडोजचे साचलेले निरोप वाचतो, तोंड धुतो आणि परत कामाला लागतो. मारली हाक. खिडकी पुन्हा टवटवीत झाली. घड्याळ गेलं.

हे असं का झालं ते समजून घेण्यात माझा पुढचा काळ गेला, आणि त्या काळात घरी कोणी काही विचारलं की मी "सेट कर्सर" असं उत्तर द्यायचो. प्रकार असा आहे की कर्सर हा माझ्या प्रोग्रॅमच्या मालकीचा नसतोच. पडद्यावर कर्सर एकच, आणि तो सगळ्यांचा. माउस तसूभर हलला की विंडोज ताबडतोब कर्सरखाली जो कोणी असेल त्याला विचारतं, बाबा रे, तुझ्याकडे आलोय, कोणत्या वेषात राहू? या विचारणेच्या निरोपाचं नाव 'डब्ल्यूएम सेटकर्सर'. माझा प्रोग्रॅम जोवर हिशेबात बुडालेला होता तोवर उत्तर द्यायला कोणीच नव्हतं, म्हणून घड्याळ तसंच टिकून राहिलं होतं. मी 'डू इव्हेंट्स'ची हाक मारून त्याला शिष्टाचार शिकवला, आणि त्याबरोबर खिडकीतला प्रत्येक जण प्रामाणिकपणे उत्तर देऊ लागला. लिहायची चौकट म्हणाली उभी रेघ हो, बटण म्हणालं बाण हो. घड्याळ हो म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.

हे पकडायला मी आधी काय केलं ते ऐका. माउस हलल्यावर जो कोड चालतो, नेमक्या त्याच ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे प्रोग्रॅम तिथे थांबेल आणि मला आत डोकावता येईल. थांबला. पुढे जायला बटण दाबलं, माउस केसभर हलला, पुन्हा थांबला. मला जायचं होतं खिडकीच्या दुसऱ्या टोकाच्या बटणापर्यंत. पण तिकडे जायचं तर माउस हलवावा लागणार, आणि हलवला की थांबणार. मी दुपारभर एका इंचाच्या प्रवासात होतो.

मग दुसरा मार्ग सापडला. डॉट नेटमध्ये 'यूज वेट कर्सर' नावाचा एक गुण आहे, तो 'खरं' केला की उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या आणि त्यांतलं प्रत्येक बटण, विचारल्यावर एकमुखाने घड्याळ असंच सांगतात. आता सगळ्यांची साक्ष एक झाली. फक्त बारीकशी अडचण अशी की विचारणा होते ती माउस हलल्यावर, त्यामुळे हा गुण लावला तरी माउस हलवेपर्यंत घड्याळ उगवतच नाही. म्हणजे पहिलं घड्याळ हलवलं की जायचं आणि दुसरं हलवल्याशिवाय येत नव्हतं. मी पतपेढीला सूचना पाठवली की बटण दाबल्यावर माउस थोडा हलवावा. मॅनेजरसाहेबांनी ती पाळली, पण त्या दिवसापासून त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल एक प्रकारची काळजी आली.

सूचना पाठवतोच आहे तर अजून एक पाठवावी म्हणून मी ठळक अक्षरांत एक कागदही छापून दिला होता. 'वाळूचे घड्याळ दिसत असताना काहीही दाबू नये.' दुहेरी व्याजाचा धसका होता ना! हा कागद पुढे माझ्या आयुष्यात किती मोठी भूमिका करणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

१ एप्रिलला सकाळी फोन आला. कॅशियरबाई होत्या.

"सर, घड्याळ अजून चालू आहे."

"अजून म्हणजे?"

"काल संध्याकाळपासून."

तारीख बघून मला आधी वाटलं की गंमत चालली आहे, आणि मी हसलो. पलीकडे कोणी हसलं नाही. पलीकडे, मला नंतर समजलं, काउंटरपासून बाहेरच्या पायरीपर्यंत लोक पासबुकं हातात घेऊन उभे होते. झालं होतं ते असं. व्याज आकारणी केव्हाच सुखरूप पार पडली होती, फक्त अगदी शेवटी, अहवाल तयार करताना, कुठल्याशा जुन्या खात्याला उघडल्याची तारीखच नाही हे बघून प्रोग्रॅमला ठेच लागली. ठेच लागेल ही शक्यता मी धरलेली होती, त्यामुळे तो पडला नाही, त्याने सभ्यपणे एका फाइलमध्ये तक्रार लिहून ठेवली आणि पुढे गेला. पण घड्याळ काढायची ओळ ठेचेच्या नंतर होती आणि तो ठेच लागल्यावर उडी मारून तिच्या पलीकडे गेला होता. आता यातली खरी गोम ऐका. 'यूज वेट कर्सर' हे निव्वळ चित्र आहे. त्याने बटणं बंद होत नाहीत, काही अडत नाही, घड्याळाच्या कर्सरने तुम्ही खुशाल क्लिक करू शकता. रात्रभर तो प्रोग्रॅम रिकामा, हात बांधून, कामाची वाट बघत बसला होता. आणि त्याच्यासमोर अख्खी पतपेढी, हात बांधून, त्याची वाट बघत बसली होती.

"बाई, एकदा क्लिक करून बघा बरं," मी म्हणालो.

"घड्याळ चालू असताना?"

"हो, काही होत नाही."

"नाही सर. इथे कागद चिकटवलाय. खाली तुमचीच सही आहे."

मी कागदाच्या विरोधात बरंच बोललो, पण पतपेढीत लेखी हुकूम तोंडी हुकमापेक्षा मोठा असतो, आणि ते योग्यच आहे. शेवटी मी म्हटलं, पडद्याचा फोटो पाठवा, मला बघू दे. मॅनेजरसाहेबांना प्रिंट स्क्रीन येत होतं. त्यांनी माउसने चालणाऱ्या त्या एकाच कॉम्प्युटरवर, माउसला हात न लावता, केवळ कीबोर्डने, प्रिंट स्क्रीन घेऊन ते चित्र मला मेलने पाठवलं. कारण कागदात 'काहीही दाबू नये' असं असलं तरी कीबोर्डचा उल्लेख नाही, असा अर्थ त्यांनी लावला होता. मी चित्र उघडलं. सगळी खिडकी स्वच्छ दिसत होती. घड्याळ नव्हतं.

"साहेब, तुमच्या पडद्यावर घड्याळ नाहीये," मी विजयी स्वरात सांगितलं.

"अहो, मी समोर बसलोय त्याच्या!"

"चित्रात नाहीये."

हा वाद बराच रंगला. माझी बायको पोह्यांत शेंगदाणे टाकता टाकता ऐकत होती. ती म्हणाली, "त्यांना दिसतंय ना? मग आहे." विंडोजच्या अंतरंगावरचं इतकं नेमकं विधान मी त्या काळात दुसरं ऐकलं नाही. कारण कर्सर हा पडद्यावरच्या चित्राचा भागच नसतो. खालचं चित्र वेगळं, आणि कर्सर ग्राफिक्स कार्डाने वेगळ्या थरातून वर चढवलेला, म्हणजे तो हलताना खालचं चित्र पुन्हा पुन्हा रंगवावं लागू नये. प्रिंट स्क्रीन फक्त खालचा थर उचलतं. जगातला प्रत्येक माणूस ज्या गोष्टीकडे दिवसभर टक लावून बघतो, ती प्रिंट स्क्रीनमध्ये येतच नाही. शेवटी क्लार्कने मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढून पाठवला. त्यात घड्याळ होतं, आणि शेजारी माझा कागदही होता.

पुढची व्यवस्था मी चोख केली. घड्याळ काढायची ओळ 'फायनली' नावाच्या खंडात ठेवली. त्याचा नियम असा की वर काहीही होवो, ठेच लागो, प्रोग्रॅम मध्येच माघारी फिरो, ही ओळ चालणारच. ही सोय भाषेत पहिल्यापासून होती आणि मी ती इतर लोकांच्या कोडमध्ये पाहिलीही होती. लोक इतके घाबरट का असतात, असं मला तेव्हा वाटलं होतं.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर हा लेखही इथेच थांबला असता. पण कॅशियरबाईंनी सहज सांगितलं की रक्कम टाइप करताना बाण नेमका आकड्यांवर बसतो आणि पाचशेतला पाच दिसत नाही. त्यांची अपेक्षा फक्त कोणीतरी ऐकून घ्यावं एवढीच असावी. मी मात्र पेटलो. की दाबली की कर्सर लपवायचा, चौकटीतून बाहेर पडलं की दाखवायचा. लपवायला 'हाइड', दाखवायला 'शो'. याहून सोपं काही मी उभ्या जन्मात लिहिलेलं नव्हतं.

पण कर्सर लपवणं हे दिवा विझवण्यासारखं नाही. विंडोज आत एक मोजणी ठेवतं. दर 'हाइड'ला त्यातून एक वजा, दर 'शो'ला एक अधिक, आणि आकडा शून्याच्या खाली असेल तर कर्सर दिसत नाही. आमच्या आत्याचं असंच होतं, तिला जितक्या वेळा दुखावलं असेल तितक्या वेळा स्वतंत्र समजूत काढावी लागायची, एका साडीत सगळं मिटत नसे. माझा 'हाइड' प्रत्येक आकड्याला चालत होता आणि 'शो' चौकट सोडताना एकदाच. पाच रुपये भरले तर कर्सर परत यायचा. पन्नास हजार भरले की पाच आकडे, म्हणजे पाच वजा, एक अधिक, आणि कर्सर चार पायऱ्या खोल. पुढच्या ठेवीदाराला तो आणखी खोल जायचा. रक्कम जितकी मोठी तितका कर्सर गाडलेला. बरं, माउस माझ्या खिडकीबाहेर डेस्कटॉपवर नेला की दिसायचा आणि खिडकीत शिरला की गडप व्हायचा, त्यामुळे संशयाला दुसरीकडे जागाच नव्हती. बाईंनी यावर एक पद्धत बसवली. मोठी रक्कम भरून झाली की त्या प्रोग्रॅम बंद करून परत चालू करायच्या. सोन्याचा भाव चढला आणि तारण कर्जं वाढली, त्या आठवड्यात त्यांनी दुसरं काही केलंच नाही.

हे निस्तरल्यावर मला कळलं की विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये, माउसच्या पानावर, टाइप करताना पॉइंटर लपवण्यासाठी एक छोटी चौकट आहे. तिच्यात बरोबरची खूण केली की झालं. शेजारीच दुसरी चौकट होती, कंट्रोलची की दाबली तर पॉइंटर कुठे आहे ते भोवती वर्तुळं काढून दाखवणारी. मी दोन्हींवर खूण केली आणि कोणाला काही बोललो नाही.

आणि मग बैल आला.

पतपेढीच्या लेटरहेडवर बैल आहे. चेअरमनसाहेबांनी कुठल्याशा बँकेत संगणकावर बँकेचं बोधचिन्ह फिरताना बघितलं आणि त्यांना वाटलं, आपलाही बाण कशाला, बैल असू दे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण चेअरमनसाहेब स्वतः फोनवर होते आणि माझं मागचं बिल अडकलेलं होतं. कर्सर असतो ३२ बाय ३२ पिक्सेलचा. एवढ्यात बैल मावत नाही. पाय आखूड केले, वशिंड काढून टाकलं, शेपूट गेली, आणि जे उरलं त्याला चेअरमनसाहेबांनी "शेळी का काढलीत?" असं विचारलं. शिंगं जरा मोठी करून दिल्यावर ते राजी झाले. चित्राचा आयकॉन केला, आयकॉनचा कर्सर केला, पतपेढीत बसवला. सगळ्यांनी कौतुक केलं. पेढे वाटले, हेही मला सांगण्यात आलं.

कर्सरचं चित्र कितीही मोठं असलं तरी क्लिक होतं ते त्यातल्या एकाच पिक्सेलवर. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. नेहमीच्या बाणात तो टोकावर असतो, आणि ते टोक चित्राच्या अगदी डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं. यामागेही इतिहास आहे बरं का. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगाला दाखवला तेव्हा त्याचा बाण सरळ वर तोंड करून होता. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या लोकांनी १९७३च्या आल्टो संगणकावर १६ बाय १६ ठिपक्यांत कर्सर बसवला. एवढ्या थोड्या ठिपक्यांत उभ्या बाणाच्या दोन्ही तिरक्या कडा धड उमटेनात, म्हणून बाण डावीकडे कलवला. एक कड उभी झाली, टोक कोपऱ्यात गेलं, आणि तेव्हापासून माणसं डाव्या वरच्या टोकाने नेम धरायला शिकली. पतपेढीतली माणसंही त्याच वळणाची. बैलाचं तोंड डावीकडे, शिंग वर, म्हणून ती शिंगाने नेम धरत होती. पण आयकॉनपासून कर्सर केला की विंडोज हॉटस्पॉट चित्राच्या मधोमध धरतं. म्हणजे बैलाच्या पोटात.

पडद्यावर एक यादी होती. वर 'जमा', तिच्या लगेच खाली 'नावे'. शिंग जमेवर, पोट नावेवर. आणि खालची ओळ निळी झालेली दिसायची तीही नाही, कारण तिच्यावर बैल उभा. ज्या माणसाने भरायला पैसे आणले त्याच्याच खात्यातून तेवढे वजा झाले, आणि हे लक्षात यायला संध्याकाळची रोकड मोजायची वेळ यावी लागली. त्या दिवशी तिजोरीत हिशेबापेक्षा कितीतरी जास्त पैसे निघाले. मॅनेजरसाहेब म्हणाले, पैसे कमी पडले असते तर मी तरी शांत झोपलो असतो.

मी खचलो होतो. त्या मनःस्थितीत, लिनक्सवर लोक हे कसं निभावतात ते बघावं म्हणून एक्स विंडो प्रणाली चाळली. ही मूळ अमेरिकेतल्या एमआयटीची, तिची अकरावी आवृत्ती १९८७ची. तिच्यासोबत कर्सरच्या चित्रांचा एक संचच येतो, ७७ चित्रांचा. बाण, रेघ, मनगटी घड्याळ हे तर आहेच, पण त्यात कवटीवाला चाचा आहे, कोळी आहे, शिडाची होडी आहे, कॉफीचा मग आहे आणि एक टर्की कोंबडाही आहे. एवढ्या मोठ्या विद्यापीठातल्या एवढ्या हुशार लोकांनी कोंबडा ठेवला, तर साताऱ्याच्या बैलाने काय घोडं मारलं होतं? मी हा मुद्दा चेअरमनसाहेबांसमोर मांडला. ते म्हणाले, मग आपण कोंबडा का नाही घेतला? मी फोन ठेवला, बैलाचा रीतसर हॉटस्पॉट ठरवून देणारी कर्सर फाइल केली, हॉटस्पॉट शिंगाच्या टोकावर नेऊन बसवला, आणि महिन्याभराने त्यांचं लक्ष नाही असं बघून गुपचूप बाण परत आणला. कोणालाही फरक जाणवला नाही.

राहिलं बिल. या सगळ्या खटाटोपाचं मी 'कर्सरविषयक सुधारणा' या नावाने एक माफक बिल पाठवलं. ते लेखापरीक्षकांपुढे गेलं आणि त्यांनी विचारलं की आधी बाण होता, आत्ताही बाण आहे, तर संस्थेने पैसे नेमके कशाचे द्यायचे? केलेल्या कामाचा पुरावा जोडावा. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी प्रोग्रॅमच्या जुन्या सगळ्या आवृत्त्या एकेक करून चालवल्या, घड्याळ येणारी, घड्याळ जाणारी, कर्सर लपवणारी, दोन्ही बैलांची, प्रत्येकीचं नीट प्रिंट स्क्रीन घेतलं, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चकचकीत कागदावर रंगीत प्रती काढल्या, प्रत्येकीखाली सुवाच्य अक्षरांत 'येथे घड्याळ दिसत आहे', 'येथे बैल दिसत आहे' असं लिहिलं, वरून प्लॅस्टिकचं कव्हर घालून स्पायरल बाइंडिंग केलं आणि रजिस्टर पोस्टाने पाठवून दिलं.

आठवड्याने उलट टपाली शेरा आला. 'सादर केलेल्या एकाही चित्रात घड्याळ, बाण अथवा बैल आढळून येत नाही. खुलासा व्हावा.'